उंची खाऊची पेठ आणि घोलवडचा चिकू

डहाणू तालुक्याच्या किनारपट्टींत चिकूच्या बागेची निगा राखणाऱ्या शेतकऱ्यास झाडाविषयीं सांगण्यासारखें नवें थोडेंच उरलें आहे. खिरणीच्या खुंटावर कलम कसें बांधावें, दोन झाडांत तीस-तेहतीस फुटांचें अंतर कां सोडावें, पावसाळ्यांतील फळगळीस आणि बी पोखरणाऱ्या अळीस आवर कसा घालावा, याविषयीं पुष्कळ लिहिलें व बोललें गेलें आहे. परंतु फळ झाडावरून उतरल्यावर तें जो मनुष्य अखेर तोंडांत घालतो, तो तें निवडतो कसें, या प्रश्नाकडे आपण फारसें लक्ष पुरविलेलें नाहीं. अडत्यानें भाव सांगितला, हमाली-तोलाई कापून पट्टी हातीं आली, कीं मालाशीं आपला संबंध संपला, अशी आपली समजूत असते. ही समजूत महाग पडते. घोलवडचा चिकू म्हणून शहरांतील दुकानांत विकलें जाणारें फळ घोलवडचेंच असतें असें नाहीं. आणि घोलवडचें असूनही कित्येकदां तें निनांवी मालाच्या भावानें जातें. दोन्ही प्रकारांत नुकसान एकाचेंच होतें.

प्रस्तुत पाठासाठीं उदाहरण दूरचें घेतलें आहे. खाऊ विकत घेणें ही जेथें एक विद्याच होऊन बसली आहे, अशा इटली देशांतील बोलोन्या शहराच्या पेठेंत गिऱ्हाईक काय पाहतें, काय विचारतें, आणि त्याच्या चोखंदळपणाचा तेथील शेतकऱ्यानें आपल्या लाभासाठीं कसा उपयोग करून घेतला, हें आधीं पाहूं. कोठें बोलोन्या आणि कोठें बोर्डी, असें कोणास वाटेल. परंतु दोन्हीकडे माल नाशवंत, गिऱ्हाईक परगांवचें आणि पिकविणारा लहान खातेदार, एवढें साम्य आमच्या कामापुरतें पुष्कळ झालें.

बोलोन्या हें पो नदीच्या सपाट व सुपीक खोऱ्याच्या कडेस वसलेलें जुनें शहर आहे. मुख्य चौकाला लागूनच गल्ल्यांची एक दाट पेठ आहे. तिला 'क्वाद्रिलातेरो', म्हणजे चौकोन, असें म्हणतात. गल्ल्यांचीं नांवें अद्याप जुन्या धंद्यांचीं आहेत: एक सोनारांची, एक कापडवाल्यांची, एक जुन्या मासळीबाजाराची, आपल्या पुण्यांत तांबट आळी असावी तशीच. आज या गल्ल्यांतून फळें, भाजी, मासळी, चीज, ताजा पास्ता, मुरंबे, सुका मेवा आणि मिठाई यांचीं दुकानें दाटीनें उभीं आहेत. येथील मसालेदार डुकराच्या मांसाचा 'मोर्तादेल्ला' नांवाचा पदार्थ इतका जुना कीं, तो कसा करावा याविषयीं १६६१ सालींच तेथील धर्माधिकाऱ्यानें हुकूम काढला होता. आपल्या वाचकांपैकीं बहुतेकांस त्या पदार्थाशीं कर्तव्य नाहीं. हुकूम काढण्याइतकी काळजी कोणासं वाटली, हें मात्र ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

या पेठेंत फळाच्या राशीस गिऱ्हाइकानें स्वतः हात लावणें असभ्यपणाचें समजतात. फळ निवडण्याचें काम दुकानदाराचें. चांगला फळवाला आधीं विचारतो, "आज खाणार कीं परवां?" आणि उत्तराप्रमाणें पिकलेलें किंवा थोडें करकरीत फळ काढून देतो. गिऱ्हाइकास यांत अपमान वाटत नाहीं, कारण निवड चुकली तर तें दुसऱ्या दिवशीं त्याच दुकानीं येऊन तसें स्पष्ट सांगतें. चीज किंवा मिठाई घेतांना शंभर ग्रॅमच्या मापानें भाव बोलतात. त्या मापास 'एत्तो' असें नांव आहे. एक एत्तो, दोन एत्तो, एवढीच खरेदी असली तरी आधीं लहानसा तुकडा चाखावयास मिळतो. रविवारीं कोणाकडे जेवावयास जावयाचें असल्यास मिठाईवाल्याकडून लहान लहान गोड पदार्थांचें ताट कागदांत बांधून, वर फीत लावून नेतात. आपण पेढ्यांचा पुडा नेतों तसेंच. त्या ताटांत कोणत्या दुकानचा माल आहे हें यजमानास फितीवरून कळतें, आणि पाहुण्याची पत त्यावरून ठरते, असें म्हटलें तरी चालेल.

या लोकांचा आपल्या खाद्याविषयींचा कांटेकोरपणा कधीं कधीं हंसूं यावें इतका असतो. पास्त्याचा 'ताल्यातेल्ले' नांवाचा एक फितीसारखा प्रकार आहे. शिजल्यावर त्याची रुंदी ८ मिलिमीटर असावी, असें ठरवून १९७२ सालीं तो पाठ बोलोन्याच्या व्यापारी मंडळाकडे रीतसर नोंदविण्यांत आला, आणि नमुन्यादाखल तशी एक सोन्याची फीतही तेथें ठेविली आहे. हंसून झाल्यावर एक प्रश्न स्वतःस विचारावा: चिकूचा हलवा कशास म्हणावें, त्यांत चिकू किती असावा, हें आपल्याकडे कोठें तरी लिहून ठेविलें आहे काय?

आतां शेतकऱ्याच्या कामाच्या मुख्य उदाहरणाकडे येऊं. बोलोन्याच्या पेठेंत जें चीज सर्वांत मानानें विकलें जातें, तें 'पार्मिज्यानो रेज्यानो'. पार्मा, रेज्यो एमिलिया व मोदेना हे जिल्हे, बोलोन्या जिल्ह्याचा रेनो नदीच्या पश्चिमेचा भाग आणि मांतोवा जिल्ह्याचा पो नदीच्या दक्षिणेचा भाग, एवढ्याच प्रदेशांत हें चीज करतां येतें. गाईंस मुरघास घालण्यास बंदी आहे. संध्याकाळचें दूध रात्रभर ठेवून त्यावरील साय काढतात आणि सकाळचें निर्भेळ दूध त्यांत मिसळतात. एका चाकास सुमारें ५५० लिटर दूध लागतें आणि त्याचें वजन सुमारें ४० किलो भरतें. पुष्कळसे कारखाने दूध घालणाऱ्या शेतकऱ्यांच्या सहकारी मालकीचे आहेत. त्या खोऱ्यांतील गोठ्यांत काम करणाऱ्यांत आपल्या पंजाबांतून गेलेलीं कुटुंबें पुष्कळ आहेत, हेंही सहज सांगण्यासारखें आहे.

चाक तयार झालें म्हणजे लगेच विकतां येत नाहीं. निदान बारा महिने तें फळीवर पडून राहतें; कित्येक चाकें चोवीस किंवा छत्तीस महिनेही ठेवितात. बारा महिन्यांनंतर उत्पादकांच्या संघानें नेमलेला तपासनीस येतो. त्याच्या हातांत एक लहानशी हातोडी असते. प्रत्येक चाकास चोहोंकडून ठोकून तो कान देऊन ऐकतो. आंत पोकळी किंवा चीर असेल तर आवाज बदलतो. चाक उत्तम निघालें तर त्यावर तापल्या लोखंडाचा ठसा उमटवितात. मध्यम निघालें तर सालीवर समांतर रेघा कोरतात, म्हणजे गिऱ्हाइकास तें लवकर खाण्याच्या प्रतीचें आहे हें पाहतांच समजतें. आणि नापास झालें तर सालीवरील नांवाचीं अक्षरें घासून पार काढून टाकतात. तें चीज फेकून देत नाहींत. तें विकतां येतें, परंतु नांवावांचून.

आमच्या मतें या सर्व व्यवस्थेचा प्राण त्या घासण्यांत आहे. चांगल्या मालास मोठें नांव देणें सोपें. आपल्याच सभासदाच्या वाईट मालावरून नांव काढून घेणें अवघड. तेथील संघ १९३४ सालीं स्थापन झाला आणि हें अप्रिय काम तो पिढ्यान्‌पिढ्या करीत आला, म्हणून गिऱ्हाईक अनोळखी दुकानांतूनही डोळे मिटून ठसा असलेलें चीज घेतें. या भरंवशावर दुसऱ्याही गोष्टी उभ्या राहिल्या. त्या प्रांतांतील एक बँक चीजचीं चाकें तारण घेऊन शेतकऱ्यांस कर्ज देते, आणि तीं पिकेपर्यंत आपल्या गोदामांत संभाळते. पुढें दुसऱ्या देशांतील व्यापारी 'पार्मेझान' असें जवळपासचें नांव लावूं लागले. तेव्हां २००८ सालीं युरोपीय न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, तें नांवही मूळ नांवाचीच आठवण करून देतें, म्हणून संरक्षण त्यालाही लागू पडतें. दारचा माल धड नसता तर न्यायालयापर्यंत जाण्याचें तोंडच राहिलें नसतें.

जवळच्याच मोदेना गांवचा द्राक्षांचा सिरका हें याच्या उलट बाजूचें उदाहरण आहे. तेथील पारंपरिक सिरका द्राक्षांचा रस आटवून, लहान लहान होत गेलेल्या लांकडी पिंपांच्या ओळींत निदान बारा वर्षें, आणि वरच्या प्रतीचा पंचवीस वर्षें मुरवितात. चाखणाऱ्या पंचांनीं पसंत केल्यावरच तो १०० मिलिलिटरच्या ठराविक आकाराच्या बाटलींत भरतात. परंतु त्याच गांवाच्या नांवानें, साध्या द्राक्षमद्याचा सिरका मिसळून केलेला, दुसरा स्वस्त प्रकारही कायदेशीरपणें विकला जातो. दोन्हींच्या नांवांत एका शब्दाचा फरक आहे. जाणता मनुष्य तो शब्द व बाटलीचा आकार पाहून घेतो. परदेशी प्रवासी फसतो आणि मोदेनाचा सिरका म्हणजे एवढेंच काय, असें म्हणत परततो. एका नांवाखालीं दोन प्रतींचा माल खपविला म्हणजे असें होतें.

मिठाईच्या बाबतींत तोरीनो शहराचा दाखला अधिक बोधप्रद आहे. नेपोलियनच्या काळांत समुद्रमार्गें येणारा माल अडला व कोको दुर्मिळ झाला. त्या टंचाईंत तेथील मिठाईवाल्यांनीं आसपासच्या टेकड्यांवर पिकणारें हेझलनट नांवाचें कवचीचें फळ भाजून, दळून कोकोंत मिसळण्यास आरंभ केला, असें सांगतात. त्यांतून १८६५ सालीं सोनेरी कागदांत गुंडाळलेली 'ज्यांदुयोत्तो' नांवाची होडीच्या आकाराची वडी निघाली. आज ती त्या शहराची खूण आहे, आणि टेकड्यांवरील शेतकऱ्यास आपल्या हेझलनटाचें गिऱ्हाईक शोधीत फिरावें लागत नाहीं. मिठाईवाला आणि बागवाला यांची गांठ एकदां अशी पडली म्हणजे ती सहसां सुटत नाहीं.

आतां आपल्या दाराशीं येऊं.

चिकूचें झाड मूळचें मेक्सिको व मध्य अमेरिका यांकडचें. विसाव्या शतकाच्या आरंभापासून घोलवड-बोर्डीच्या बाजूस त्याची लागवड वाढत गेली आणि काळीपत्ती जात येथें स्थिरावली. घोलवडच्या चुनखडीच्या जमिनीमुळें फळास विशेष गोडी येते असा समज आहे. २०१६ सालीं 'डहाणू घोलवड चिकू' या नांवास भौगोलिक मानांकन मिळालें. तें महाराष्ट्र राज्य चिकू उत्पादक संघाच्या नांवें आहे. जून २०२१ मध्यें या मानांकित चिकूचा माल इंग्लंडास गेला, तेव्हां पालघर जिल्ह्यांत सुमारें ५,००० हेक्टर जमीन चिकूखालीं असल्याचें सरकारी पत्रकांत सांगितलें होतें. म्हणजे नांव आहे, कायद्याचें पाठबळ आहे, क्षेत्रही लहान नाहीं. उणीव आहे ती हातोडीची.

भौगोलिक मानांकनाचा १९९९ चा कायदा नांवाची मालकी एका शेतकऱ्यास देत नाहीं. ती संघाकडे राहते, आणि ज्यास नांव वापरावयाचें त्यानें अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंद करून घ्यावयाची असते. पुष्कळ बागाईतदार ही नोंद करीत नाहींत, कारण अडत्या त्याबद्दल एक पैसाही जास्त देत नाहीं. तक्रार खरी आहे. परंतु अडत्यानें तरी जास्त कां द्यावें? खोक्यावरील नांवाची हमी कोण घेतो, हें त्यास ठाऊक नसतें. आधीं हमी, मग भाव, असा हा क्रम आहे. तो उलटा करूं गेल्यास कांहींच हातीं लागत नाहीं.

हमीची पहिली पायरी तोडणी. चिकू झाडावर खाण्यायोग्य पिकूं देत नाहींत. पक्व झाला कीं काढून मग घरीं पिकवितात. पक्व फळाची परीक्षा प्रत्येक जाणत्या तोडणाऱ्यास येते: अंगावरील भुरकट कोंडा हातानें सहज निघतो, टोंकावरचा कांटा गळलेला असतो, नखानें किंचित् ओरखडलें असतां आंत हिरवें न दिसतां पिवळसर दिसतें, आणि चीक कमी येतो. भाव चढा असला म्हणजे ही परीक्षा विसरून कोंवळें फळही खुडलें जातें. तें मऊ पडतें, पण गोड होत नाहीं. सुरकुततें, आणि जिभेस तुरट चिकटा लागतो. गिऱ्हाईक एका पेटींतील वीस गोड चिकू विसरतें आणि तो एक चिकट चिकू लक्षांत ठेवतें.

झेल्यानें हळूच काढलेलें फळ आणि फांदी हलवून खालीं पाडलेलें फळ त्या दिवशीं सारखेंच दिसतें. फरक चौथ्या दिवशीं दुकानांत कळतो. तेव्हां तोडणाऱ्यास पाट्यांच्या संख्येवर घाई करावयास लावणें आपल्याच अंगाशीं येतें. हें काम आपल्या बागांत मुख्यतः वारली बंधुभगिनी करितात. ज्या तलासरीच्या परिसरांत १९४५ सालीं वेठीविरुद्ध मोठा उठाव झाला, तेथें तरी कष्ट व मोबदला यांच्या हिशेबाची आठवण कोणास करून द्यावयास नको. ज्याच्या नखाच्या परीक्षेवर खोक्याचें नांव टिकतें, त्यास सामान्य मजुरीहून कांहीं अधिक देणें हा धर्मादाय नव्हे, तो मालाचा खर्च आहे.

दुसरी गोष्ट, बोलोन्याच्या फळवाल्याचा प्रश्न. चिकूस तो जितका लागू पडतो तितका दुसऱ्या फळास क्वचितच लागू पडेल. काढल्यापासून साधारण चार ते सात दिवसांत, हवेच्या उष्णतेप्रमाणें, फळ पिकतें, आणि पिकल्यावर दोन-तीन दिवसांत उतरूं लागतें. फार थंड कोठारांत कच्चें ठेविलें तर पुढें नीट पिकत नाहीं. म्हणजे चिकूस खाण्याचा असा एक नेमका दिवस असतो, आणि शहरांतील गिऱ्हाइकास तो ठाऊक नसतो. तें दगडासारखें फळ चिरून पाहतें, नाहीं तर आठवडाभर विसरून आंबवतें. खोक्यांत तोडणीची तारीख व 'अमुक दिवसापासून अमुक दिवसापर्यंत खावा' एवढी चिठ्ठी घालण्यास खर्च जवळजवळ नाहीं. ही चिठ्ठी अडत्यास आवडणार नाहीं, कारण जुना माल तिनें उघडा पडतो. तिचा उपयोगही त्यांतच आहे.

पिकविण्यासाठीं कॅल्शियम कार्बाइड वापरण्यास अन्नसुरक्षेच्या नियमांनीं बंदी आहे. इथिलीन वायूचा मर्यादित उपयोग मात्र परवानगीनें करतां येतो. फळ तजेलदार दिसावें म्हणून त्यास तांबड्या मातीचा किंवा रंगाचा हात देण्याचा मोह कोणास होत असल्यास त्यानें तो आवरावा. चोखंदळ गिऱ्हाईक पिस्त्याचें आइस्क्रीम घेतांना भडक हिरव्या रंगाचें टाळतें, कारण खऱ्या पिस्त्याचा रंग मंद असतो. आपला चिकू जन्मतःच मातकट आहे. त्याच्या मातकटपणावर भरंवसा ठेवणारें गिऱ्हाईक तयार करणें हेंच आपलें काम.

तिसरी गोष्ट मधल्या प्रतीची. सालीवर रेघा कोरलेलें चीज जसें लाज न बाळगतां विकलें जातें, तसें आकारानें लहान किंवा सालीवर डाग असलेलें, परंतु पक्व व निरोगी फळ निराळें काढून त्याच्या चकत्या वाळविणें उत्तम. घोलवड-बोर्डीकडे चिकूचे वाळविलेले काप, भुकटी, लोणचें, हलवा, बर्फी व कुल्फी असे पदार्थ होऊं लागले आहेत, आणि बोर्डीच्या चिकू महोत्सवांत त्यांस गिऱ्हाईकही मिळतें. किडकें फळ मात्र या मधल्या प्रतींत घुसवूं नये. वाळविल्यानें अळी मरते, चव परत येत नाहीं.

कापांच्या धंद्यांत हात घालण्यापूर्वीं एक हिशेब करावा, कारण तो न करतां उत्साहानें उतरलेले लोक दुसऱ्या वर्षीं दिसेनासे होतात. साल व बिया काढल्यावर शंभर किलो चिकूंतून सुमारें ८३ किलो गर निघतो. त्यांत पाण्याचा अंश सुमारें ७४ टक्के असतो, म्हणजे घन पदार्थ फक्त २१-२२ किलो. कापांत दहा टक्के ओल राखली तरी हातीं येतील ते फार तर २४ किलो. आणि चिरतांना होणारी नासाडी धरली म्हणजे पांच किलो फळास एक किलो काप, असें धरून चालणें शहाणपणाचें. समजा, बागेंत फळास किलोमागें वीस रुपये येत आहेत. तर एक किलो कापांत केवळ फळच शंभर रुपयांचें झालें. सोलण्याची-चिरण्याची मजुरी, जाळ्या, पुड्या, वाहतूक व दुकानदाराचा नफा वेगळा. यावरून दिसेल कीं काप हा स्वस्त खाऊ कधींच होणार नाहीं. तो उंची माल म्हणूनच विकला पाहिजे, आणि उंची मालाचें गिऱ्हाईक वर वर्णन केलें तसें चौकस असतें. तें पुड्यावर काय लिहिलें आहे तें वाचतें.

कापांसाठीं फळ पिकलेलें परंतु घट्ट असावें. अर्धेंकच्चें घेतल्यास काप तुरट होतात, अति पिकलेलें घेतल्यास सुरीखालीं लगदा होतो. सुरी गंज न चढणाऱ्या पोलादाचीच घ्यावी; फळांतील तुरट द्रव्य साध्या लोखंडाशीं लागून काप काळवंडतात. फेब्रुवारीपासून मे अखेरपर्यंतचें ऊन यास उत्तम. उघड्यावर न वाळवितां जाळीखालीं किंवा काचेच्या सौर पेटींत वाळवावे. साखर घालण्याचें कारण नाहीं. पावसाळी हवेंत हा उद्योग भट्टीवांचून करूं नये. बाहेरून कोरडा दिसणारा काप पुड्यांत गेल्यावर मऊ पडतो आणि बुरशी धरतो.

हलवा व बर्फी यांची गोष्ट निराळी. त्यांत खवा येतो, आणि खव्याबरोबर नाशवंतपणा व भेसळीचा संशय हेही येतात. दुधाच्या मिठाईचें नांव टिकविणें किती कष्टाचें काम आहे याची कल्पना तलासरीकडील वाचकांस असेल. १९१६ सालीं मुंबईच्या प्रिन्सेस स्ट्रीटवर निघालेल्या पारसी डेअरी फार्म या जुन्या दुकानाचा दुधाचा उद्योग त्याच तालुक्यांत महामार्गालगत आहे. कुल्फी व सुतरफेणी यांसाठीं तें मुंबईंत नांवाजलें गेलें. आपल्या गृहिणी-मंडळांनीं किंवा बचत गटांनीं चिकूचा हलवा करावयाचा तर आरंभींच ठरवून टाकावें कीं, शंभर भागांत चिकूचा गर किती भाग असेल, आणि तो आंकडा पुड्यावर छापावा. साखर, खवा, तपकिरी रंग आणि वासाचा अर्क यांचा गोळा करून त्यास चिकूचा हलवा म्हणणारे विक्रेते निघणारच. आंकडा छापणाऱ्या पुड्यापुढें ते फार काळ टिकत नाहींत. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणें नोंदणी, घटक, वजन, करणाराचें नांव व तारीख या गोष्टी तर लागतातच.

विकावें कोठें? घोलवड व डहाणू रोड स्टेशनांवरून माल मुंबईकडे व गुजरातेकडे जाण्याची सोय आहे, ती आहेच. त्याखेरीज चारोटी नाक्यापासून तलासरीपर्यंतचा महामार्ग हीही आपली एक लांबट पेठच आहे. मुंबई व सुरत यांमधील प्रवासी येथें थांबतात, आणि रस्त्याकडेला पाट्या घेऊन बसलेल्या बायांकडून चिकू, ताडगोळे, जांभळें घेतात. या बाया चाखावयास फळ कापून देतात. बोलोन्याच्या दुकानदाराची ही रीत त्यांस कोणी शिकविलेली नाहीं. मोठ्या बागाईतदारांनीं ती त्यांच्याकडून शिकण्यासारखी आहे.

राहिली हातोडी. चिकूस ठोकून कांहीं कळत नाहीं, तो कापूनच पाहिला पाहिजे. आमची सूचना अशी: प्रत्येक गांवीं सभासदांनीं पांच जणांचें एक चाखणारें मंडळ नेमावें. त्यांत निदान दोघे दुसऱ्या गांवचे असावेत, आणि एक जण शक्य तर फळविक्या असावा. नांव छापलेल्या खोक्यांतून दर आठवड्यास प्रत्येक सभासदाचे दहा चिकू, सभासदाचें नांव झांकून, चार दिवस ठेवून कापावे. दहांत दोहोंपेक्षां अधिक तुरट किंवा किडके निघाल्यास त्या सभासदानें पुढील दोन आठवडे माल साध्या खोक्यांतून पाठवावा. दहांत दोन हा आंकडा आम्हीं चर्चेकरितां घातला आहे. मंडळींनीं आपल्या अनुभवाप्रमाणें तो बदलावा, पण हंगाम चालू असतां बदलूं नये. नात्यागोत्याच्या गांवांत ही गोष्ट किती जड जाईल हें आम्ही जाणतों. भावाच्या खोक्यावरील नांव काढावयाचें, आणि संध्याकाळीं त्याच्याच ओट्यावर चहा घ्यावयाचा, हें सोपें नाहीं. म्हणूनच सभासदाचें नांव झांकून ठेवावयाचें, आणि दुसऱ्या गांवचे दोघे घ्यावयाचे.

येत्या फेब्रुवारींत ज्यांस प्रयोग करून पाहावयाचा असेल त्यांनीं वीस खोकीं निवडावीं. दहांत तारखेची चिठ्ठी घालावी, दहांत घालूं नये. फळ एकाच दिवशीं, एकाच झाडांच्या ओळींतून काढलेलें असावें. दोन्ही प्रकारचीं खोकीं एकाच विक्रेत्याकडे ठेवून वहींत पांच रकाने आंखावे: तोडणीचा दिवस, विक्रीचा दिवस, मिळालेला भाव, परत आलेलें किंवा तक्रारीचें फळ, आणि तेंच गिऱ्हाईक पुन्हां आलें कीं नाहीं. शेवटचा रकाना भरण्यास विक्रेता कंटाळतो, म्हणून त्यास खोक्यामागें कांहीं वर्ताळा देण्याचें आधींच ठरवावें. प्रयोग चार आठवडे चालवावा, आणि वही मे महिन्याच्या सभेंत घेऊन यावी.